करदोटा बघणारे सर

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. पेशंट दारातून आत आला की त्यांची नजर थेट कमरेवर. “या पावणं, बसा. सदरा वर करा.” नाव, गाव, दुखणं सगळं मागाहून. मग करदोट्याखाली हात घालून बघायचे. करदोटा कमरेला नीट बसलेला असला तर दोन बोटं कशीबशी जातात. माणूस आतून झडत चालला असला की तोच काळा दोरा घसरून खुब्यावर येतो आणि त्यात सरांची अख्खी मूठ मावते. नवखा पेशंट बिचकायचा. पोट दाखवायला आलो आणि हा गडी माझा दोरा का ओढतोय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. वॉर्डात त्यांना ‘करदोटे डॉक्टर’ म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं.

मी त्यांच्याकडे भूल द्यायला लागले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. शिक्षण मुंबईचं, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, “सर, रक्ताचे रिपोर्ट असताना हा दोरा कशाला बघायचा?” त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, “रिपोर्ट आज काय हाय ते सांगतोय, मॅडम. करदोटा दिवाळीपासनं काय काय झालं ते सांगतोय.” मला ते काही पटलं नाही. मी मनातल्या मनात हसले आणि माझं मशीन तपासायला निघून गेले.

सरांचं काम आतड्याचं. मोठ्या आतड्यात गाठ झाली की तेवढा तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण ही शिवण कधी कधी काही दिवसांनी उसवते. बाहेरून टाके झकास असतात, माणूस उठून बसलेला असतो, चहा मागत असतो, आणि आत मळ पोटात सांडायला लागलेला असतो. याला आम्ही ‘जोड सुटला’ म्हणतो. जोड सुटला की बरेच जण हाताला लागत नाहीत. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्या जोडाच्या वरचं आतडं काही महिने पोटावर बाहेर काढून ठेवायचं आणि तिथे पिशवी लावायची, हा त्यावरचा उपाय. मळ पिशवीत जातो, जोडाला सुकायला उसंत मिळते, नंतर पिशवी काढून आतडं आत घालायचं. आता कुणाला पिशवी लावायची आणि कुणाला नाही, कुणाला आज कापायचं आणि कुणाला महिनाभर खाऊपिऊ घालून मग कापायचं, हे आधी कळावं कसं? सरांच्या डोक्यात अष्टौप्रहर हेच चालायचं.

एकदा पन्हाळ्याकडचे एक शेतकरी आले. अंगानं दणकट दिसत होते, सोबत दोन भाऊ आणि भाड्याची जीप. सरांनी हात घातला, मूठ मावली. “आज न्हाय करायचं. घरी जावा. अंडी, दूध, शेंगदाणं, जे मिळंल ते खावा. करदोटा घट झाला की या.” थोरला भाऊ भडकला. “डॉक्टर, गाठ हाय म्हणताय आन् खायाला घरी पाठवताय? काय थट्टा लावलीय व्हय?” सर शांतपणे म्हणाले, “कापड कुजकं असलं तर टाका कुठं धरणार, पावणं? मला टाका घालायला कापड तरी द्या की.” ते शिव्या घालत गेले आणि काही आठवड्यांनी गुमान परत आले. ऑपरेशन झालं, जोड टिकला. जाताना त्याच भावानं सरांचे पाय धरले आणि सर इतके लाजले की बाथरूममध्ये जाऊन बसले.

बायकांना करदोटा नसतो, मग त्यांच्या बांगड्या. हात वर करायला सांगायचे आणि बांगडी कोपराच्या किती जवळ सरकते ते बघायचे. शिवाय चढण. आमच्या दवाखान्यात स्ट्रेचर न्यायला एक उतार बांधलेला होता. ऑपरेशनच्या आधी सर पेशंटच्या खांद्यावर हात टाकून त्याला त्या उतारावरून वर घेऊन जायचे आणि चालता चालता फुटबॉलचा विषय काढायचे. कोल्हापुरात हा विषय काढला की मेलेला माणूसही बोलतो. कुठल्या पेठेचा संघ भारी, कालचा गोल ऑफसाइड होता की नव्हता. वर पोचेपर्यंत गडी वाद घालत राहिला तर सर खूश. मधेच गप्प होऊन श्वास घ्यायला थांबला तर सर त्याला तसाच हळूहळू खाली घेऊन यायचे आणि मला म्हणायचे, “अजून न्हाय.” मला हे सगळं चमत्कारिक वाटायचं, आणि खरं सांगते, बघायला फार आवडायचं.

ऑपरेशननंतरही तसंच. राउंडला आले की आधी नाडी धरायचे, मग तापाचा कागद. “ताप आला म्हणजे उशीर झाला,” म्हणायचे. पेशंट म्हणाला, “दुखत न्हाय, पन कायतरी येगळंच वाटाय लागलंय,” तर सर स्टूल ओढून तिथेच बसायचे. दुसरा डॉक्टर अशा बोलण्याकडे लक्ष देत नाही. सर त्या ‘येगळंच’ला सगळ्या रिपोर्टांच्या वर मानायचे. त्यावरून त्यांनी काही माणसं वेळेवर पुन्हा टेबलावर घेतली आणि वाचवली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. तोवर माझी मुंबईची हवा बरीच उतरली होती.

हे सगळं त्यांनी एकदा पुण्याच्या परिषदेत मांडलं. समोरून कुणीतरी विचारलं, “सर, करदोट्याचं एकक कुठलं?” सभागृह हसलं. सर परत आले ते हिरमुसून नव्हे, इरेला पेटून. मग मुठीऐवजी टेप आली, बांगडीचं अंतर मोजणं आलं, रक्तातल्या प्रथिनांशी ताळा जुळवणं आलं. दोन-चार वर्षं त्यांनी हे नेटानं केलं. आकडे सांगायचा मला अधिकार नाही, पण आमच्याकडे जोड सुटणं इतकं कमी झालं की मलाच विश्वास बसेना. पिशव्याही क्वचित लागायला लागल्या, कारण माणसं आधीच खाऊनपिऊन तयार होऊन यायची. सर पुन्हा पुण्याला जायची तयारी करू लागले. त्या दिवसांत ते थोडे बढाईखोर झाले होते. त्यांना ते शोभत नव्हतं, पण आम्ही सगळे कौतुकानं ऐकून घ्यायचो.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. सर हातकणंगल्याकडच्या एका गावातले, बौद्ध घरातले. कोल्हापुरात शिकायला आले तेव्हा खोली मिळेना. खोली रिकामी असायची, आडनाव कळलं की भरायची. शिवाजी पेठेतल्या एका शिंप्यानं मात्र आडनाव विचारलंच नाही. “मापाला कंबर लागती, जात लागत न्हाय,” एवढं म्हणून दुकानामागची खोली उघडून दिली. त्यांना सगळी पेठ मास्तर म्हणायची. मास्तरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, सरांना वर्षानुवर्षं जेवू घातलं. सर नुसते पहिल्या वर्षाला होते तेव्हापासून मास्तर त्यांना ‘डॉक्टर’ म्हणून हाका मारत. त्याच दुकानात बसून सरांनी बघितलं होतं की माणसं पँट आत घ्यायला आणतात आणि दोन-तीन महिन्यांनी तीच माणसं दवाखान्यात दिसतात. करदोट्याचं खूळ तिथलं. पुढे सर मोठे झाले तरी रविवारी दुकानात जाऊन चहा प्यायचे, आणि दवाखान्यातल्या साऱ्या गोष्टी मास्तरांना सांगायचे.

नव्वदचं दशक सरत आलं असताना मास्तरांच्याच आतड्यात गाठ निघाली. सरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “दुसऱ्या कुणाकडनं करून घेऊ या का?” मी विचारलं. “ते ऐकणार न्हाईत,” सर म्हणाले. “मी बी ऐकणार न्हाय.”

तपासणीला मी हजर होते. मास्तर मूळचेच काटकुळे, त्यामुळे नुसत्या बघण्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट अगदी सीमेवरचा, चांगलाही म्हणता येईल आणि वाईटही. सरांनी सदरा वर केला. करदोटा जुना, विटलेला, गाठ झिजलेली, आणि कमरेला घट्ट बसलेला. खाली कातडीवर वळसुद्धा होता. दोन बोटं मुश्किलीनं गेली. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. “मास्तर, वजन हललंच न्हाय की तुमचं!” मास्तर हसले. “मग? तुमच्या वहिनीचा सैपाक हाय.” उतारावरून चालतानाही ते शेवटपर्यंत बोलत राहिले. वर पोचल्यावर भिंतीला टेकून पेठेच्या संघाला शिव्या घालत राहिले. वहिनी खाली उभ्या होत्या. पदराचं टोक पिळत त्या जमिनीकडे बघत होत्या.

ऑपरेशन देखणं झालं. इतकी सुंदर शिवण मी सरांच्या हातचीही पाहिली नव्हती. पिशवी लावली नाही, लावायचं कारण नव्हतं. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग एका सकाळी सरांनी नाडी धरली आणि सोडलीच नाही. “मास्तर, कसं वाटतंय?” “झ्याक हाय.” “खरं सांगा.” “झ्याक हाय म्हणतोय न्हवं?” ताप नव्हता, पोट मऊ होतं. नाडी मात्र पळत होती. सरांनी दुपारी पोट पुन्हा उघडलं. जोड सुटला होता. टाके जागच्या जागी होते, पण आतड्याच्या कडा पांढऱ्याफटक पडून टाक्यांमधून फाटून आल्या होत्या. कापडच कुजकं होतं. मास्तर त्यानंतर थोडे दिवस राहिले आणि गेले. त्या दुपारी त्यांना दुसऱ्यांदा झोपवणारीही मीच होते, आणि माझ्या हातून झोपलेले ते परत नीट जागे झालेच नाहीत.

त्या दिवसापासून सर झपाटल्यासारखे झाले. पुण्याला गेले नाहीत. भेटेल त्याला विचारायचे, “करदोटा घट्ट होता. तुम्ही बघितलात न्हवं मॅडम? घट्टच होता की.” मी हो म्हणायची. पुन्हा काही दिवसांनी तेच. मग त्यांनी सरसकट सगळ्यांना पिशव्या लावायला सुरुवात केली, दणकट जवान पोरांनाही. नंतर त्यांना स्वतःच्या बोटांचा संशय यायला लागला. चहा पिताना रुमालाचे दोन तुकडे टेबलावर जोडून टाके घालत बसायचे आणि ओढून बघायचे. एकदा मी रागावून तो रुमाल काढून घेतला. ते माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं बघत राहिले की मी तो परत दिला. पेठेतून जायचं त्यांनी बंद केलं. लांबच्या रस्त्यानं घरी जायचे. दुकान तोवर बंद झालं होतं, पण शिलाई मशीनचा आवाज येतो, म्हणायचे. मी त्यांना वेड्यात काढलं नाही. टेबलावर कुणी काटकुळा म्हातारा आला की मलाही क्षणभर वाटायचं, आता हा डोळे मिटण्याआधी फुटबॉलवर काहीतरी बोलेल.

अशी काही वर्षं गेली. आणि एक दिवस वहिनीच दवाखान्यात आल्या. आतड्याला पीळ पडला होता. नळी घालून तो तात्पुरता सोडवला, पण असा पीळ पुन्हा पडतो, म्हणून आतड्याचा तेवढा भाग काढणं भाग होतं. सर म्हणाले, “वहिनी, मी न्हाय करणार. चांगला माणूस बघून देतो.” वहिनी खाटेवर उठून बसल्या. “मला तुमच्याशिवाय कोन हात लावणार न्हाय. पन भावजी, आधी माझं ऐकून घ्या. मी काय झाकणार न्हाय. मला भूक न्हाय. गेल्या उन्हाळ्यापासनं अर्धी भाकरी जाती. ह्या बांगड्या मी लहान करून घेतल्यात, पयल्या ढिल्या झाल्या म्हणून. सगळं खरं सांगते. त्यांनी झाकलं, तसं मी न्हाय करणार.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. “कुणी झाकलं?” सरांनी विचारलं.

वहिनींनी मग सांगितलं. एका रविवारी सर दुकानात चहा पीत बोलून गेले होते, यंदा आमचा एकबी जोड सुटला न्हाय, पिशवीसुद्धा लावाय लागत न्हाय, आता पुण्याला जाऊन सांगतो सगळ्यांना. त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरांचं दुखणं निघालं. मास्तरांचा करदोटा केव्हाच खुब्यावर आला होता. “रात्रंदिवस तेच डोक्यात. म्हणाले, पिशवी लागली म्हंजे डॉक्टर हरला. सगळ्या पेठेत तसंच म्हणतात की. म्हणाले, माझ्यापायी आपल्या डॉक्टरचं नाव जायला नको, पुण्यात आधीच हसल्यात त्याला. मग तोच जुना दोरा कापून कमी केला, जुनी गाठ तशीच ठिवली आन् गाठीखाली बारीक शिवून टाकला. वळ उठावा म्हणून घट बांधून फिरले. पँटी आत घेतल्या. मी म्हटलं, असं करू नगा, डॉक्टरला खरं सांगा. मला शपथ घातली.”

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता तरी यांची सुटका होईल, हाताची चूक नव्हती हे कळलं. वळून मला म्हणाले, “हात बरोबर हुता, मॅडम. तोंडानं घात केला.” त्यांचा चेहरा बघून मला कळलं की सुटका वगैरे काही झालेली नाही. इतकी वर्षं ते चूक शोधत होते, ती आता सापडली होती आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती.

वहिनींचं ऑपरेशन त्यांनीच केलं. आधी वहिनींना जेवढं खाऊ घालता आलं तेवढं घातलं, आणि तरीही पिशवी लावली. वहिनी पिशवीवर पदर घेऊन वॉर्डात फिरायच्या आणि शेजारच्या बायकांना दटावून सांगायच्या, “ह्यात लाजायचं काय हाय? जीव ऱ्हायला न्हवं?” काही महिन्यांनी पिशवी काढली. आतला जोड सुरेख भरून आला होता. त्या घरी निघाल्या त्या दिवशी सगळा वॉर्ड त्यांना निरोप द्यायला दारात आला. सर कॉरिडॉरच्या टोकाला एकटेच उभे होते. मी आनंदानं जवळ गेले. “सर, वहिनी सुटल्या.”

“सुटल्या,” सर म्हणाले. “मास्तरांपेक्षा अशक्त हुत्या. तरी सुटल्या. म्हंजे तेबी सुटले असते.”

त्यांचा शेवटचा आधार मला तेव्हाच कळला आणि त्याच क्षणी तो गेला होता. काही झालं तरी मास्तर कदाचित वाचलेच नसते, या एका शंकेवर हा माणूस इतकी वर्षं उभा होता. आता ती शंकाही उरली नव्हती.

त्यानंतर सरांनी आतड्याची ऑपरेशनं हळूहळू सोडून दिली. पण बाह्यरुग्ण विभागात ते शेवटपर्यंत बसले. करदोटा बघणं त्यांनी बंद केलं. त्याऐवजी घरच्यांना बाहेर बसवायचे, दार लावून घ्यायचे, आणि पेशंटनं “मला काय त्रास न्हाय” म्हटलं की हळूच विचारायचे, “हे कुणासाठी सांगताय?” मग गप्प राहायचे. एवढं गप्प राहणारा सर्जन मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. अंत्यविधीला मी वहिनींच्या शेजारी उभी होते. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दोघं बी एकमेकांची काळजी करून मेले बघा.”

मला सरांचा अजून राग येतो. एवढं सगळं आधी ओळखणाऱ्या माणसाला आपल्यावर कुणी इतकं प्रेम करेल हे ओळखता येऊ नये, याचा. मी अजून भूल देते. टेबलावर घेण्याआधी पेशंटशी एकटीनं बोलते, आणि तो म्हणाला की सगळं झ्याक हाय, की मीही विचारते, हे कुणासाठी सांगताय? बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, काय मॅडम, खरंच झ्याक हाय. एखादा मात्र बंद दाराकडे बघतो, ज्याच्या पलीकडे त्याचा मुलगा किंवा बायको बसलेली असते. मग त्या दिवशी आम्ही ऑपरेशन करत नाही.